सोन्याच्या पंक्तीत बसलेले घड्याळ : किल्लीच्या घड्याळांच्या सुट्या भागांचा इतिहास

१/
१९६२ साली भारतीय संसदेने सीमाशुल्क कायदा संमत केला. त्यातले कलम १२३ इतिहासाच्या अभ्यासकाने एकदा अवश्य वाचावे. एरवीचा न्याय असा, की आरोप करणाऱ्याने तो सिद्ध करावा. या कलमाने तो न्याय उलटा फिरवला. ठरावीक वस्तू तस्करीच्या रास्त संशयावरून जप्त झाल्या, तर त्या तस्करीच्या नाहीत हे ज्याच्याकडे सापडल्या त्यानेच सिद्ध करायचे. त्या वस्तूंत सोने होते, हे समजण्यासारखे आहे. त्याच पंक्तीत कायद्याने नाव घेऊन बसवलेली आणखी एक वस्तू होती : घड्याळ.

२/
ज्या देशात घड्याळ सोन्याइतके संशयास्पद ठरले, त्या देशात बिघडलेल्या घड्याळाचा तुटलेला भाग कुठून येत असेल? आजचा धागा या एका प्रश्नाचा आहे. विषय छोटा वाटेल; पण त्यात स्वित्झर्लंडचा एक फतवा आहे, बंगळुरूचा एक सरकारी कारखाना आहे, मनमाडला बदलावी लागणारी गाडी आहे आणि औरंगाबादच्या जुन्या बाजारात भिंग डोळ्याला लावून बसलेला घड्याळजी आहे.

(शहराचे आजचे नाव छत्रपती संभाजीनगर. जुन्या काळाविषयी लिहिताना त्या काळचे नाव ठेवले आहे.)

३/
आधी यंत्र समजून घेऊ. औरंगाबादकरांना ते पाणचक्कीवरून चटकन कळेल. दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणायचे, उंचावर साठवायचे आणि वरून सोडून त्या जोरावर जाते फिरवायचे. किल्लीच्या घड्याळात पाण्याची जागा गुंडाळलेली पोलादी स्प्रिंग घेते. आपण सकाळी किल्ली देतो, म्हणजे टाकी भरतो. पुढे चाकामागून चाक फिरत जोर शेवटपर्यंत पोहोचतो.

फरक एवढाच, की पाणचक्कीला कितीही वेगाने फिरले तरी चालते, घड्याळाला चालत नाही. म्हणून शेवटच्या चाकापाशी एक द्वारपाल बसवलेला असतो. तो जोराला एका वेळी एकच पाऊल टाकू देतो. या द्वारपालाला ताल देणारे, केसासारख्या बारीक स्प्रिंगवर पुढे-मागे झुलणारे चाक म्हणजे बॅलन्स.

४/
जुन्या मनगटी घड्याळांपैकी बहुसंख्य घड्याळांचा बॅलन्स तासाला १८,००० ठोके देतो. म्हणजे सेकंदाला ५, दिवसाला ४ लाख ३२ हजार आणि वर्षाला १५ कोटी ७६ लाखांच्या वर. हे सगळे ओझे ज्या आसावर फिरते, त्याची टोके मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास जाडीची असतात. घड्याळ ओट्यावरून फरशीवर पडले की मोडते ते हे टोक. घड्याळजींच्या भाषेत, ‘स्टाफ गेला’.

स्टाफखालोखाल तुटते ती मुख्य स्प्रिंग. जुनी साध्या पोलादाची असेल तर ती गंजते आणि एके दिवशी किल्ली देता देता कट् आवाज करून तुटते. मग किल्लीचा दांडा, आणि शेवटी काच. काच हे किरकोळ दुखणे. आजही ती सहज मिळते. स्टाफचे तसे नाही.

५/
‘सुटा भाग’ ही कल्पनाच मुळात अलीकडची आहे. अठराव्या शतकातल्या घड्याळाला सुटे भाग नव्हते. कारागीर प्रत्येक चाक त्या एका घड्याळापुरते घासून बसवत असे. एका घड्याळाचे चाक दुसऱ्याला बसेल, ही अपेक्षा कोणी करत नसे. मोडले तर नवे घडवायचे.

अमेरिकेतल्या वॉल्थम कंपनीने १८५०च्या दशकापासून यंत्रावर एकसारखे भाग काढण्याचा ध्यास घेतला. १८७६ सालच्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात ते काम पाहून स्विस प्रतिनिधी हादरून मायदेशी परतले. मग स्वित्झर्लंडनेही कारखाने उभारले. घड्याळ दुरुस्त करणारा आणि घड्याळ घडवणारा हे दोन वेगळे माणूस होण्याची सुरुवात इथून झाली. दुरुस्तीवाला आता भागासाठी कारखान्यावर अवलंबून राहिला.

६/
हीच घड्याळे आपल्याकडे मुंबईच्या बंदरातून आली. फेवर ल्युबा ही स्विस पेढी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच मुंबईत होती. वेस्ट एंड वॉच कंपनी तर १८८६च्या सुमारास मुंबईच्याच बाजारासाठी जन्मली. तिच्या सर्वांत गाजलेल्या घड्याळाचे नाव ‘सोवार’, म्हणजे आपला घोडेस्वार. पहिल्या महायुद्धात भारतीय फौजेबरोबर ही घड्याळे मेसोपोटेमियापर्यंत गेली.

औरंगाबादला छावणी होती, आणि १९००च्या सुमारास हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे मनमाडहून औरंगाबादमार्गे हैदराबादकडे धावू लागली. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. पोथीतल्या घटकांऐवजी मिनिटे मोजण्याची गरज आता स्टेशनमास्तरापासून वकिलापर्यंत सर्वांना पडू लागली.

७/
इथे नकाशाकडे लक्ष द्या. औरंगाबाद निजामाच्या राज्यात. त्या राज्याचे चलन वेगळे, जकात वेगळी. मुंबई इंग्रजी मुलखात. मुंबईचा रूळ रुंद, मनमाडनंतरचा रूळ मीटर गेज. त्यामुळे मुंबईहून येणारी प्रत्येक वस्तू, मग ती कापडाची गाठ असो वा आगपेटीएवढ्या डबीतले घड्याळाचे स्टाफ, मनमाडला गाडी बदलूनच येणार. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९६० साली महाराष्ट्र झाला. मात्र मनमाडची ती अदलाबदल नव्वदच्या दशकापर्यंत टिकली. राज्ये बदलतात त्यापेक्षा रूळ सावकाश बदलतात.

८/
आता थोडे युरोपात जाऊ, कारण औरंगाबादच्या घड्याळजीची अर्धी अडचण तिथे तयार झाली.

तबकडीवरचे नाव आणि आतले मशीन यांचा संबंध असेलच असे नाही. हे वाक्य जुनी घड्याळे जमवणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावे. स्वित्झर्लंडमध्ये कच्ची मशीने बनवणारे कारखाने वेगळे आणि त्यांवर आपले नाव घालून विकणाऱ्या पेढ्या वेगळ्या. वेस्ट एंडच्या कित्येक घड्याळांत लाँजीनचे मशीन आहे. फॉन्तेनमेलॉन गावचा एफएचएफ हा कारखाना १७९३ सालचा, ए. शिल्ड हा ग्रेंखेनचा, १८९६ सालचा. शेकडो वेगवेगळ्या नावांची घड्याळे याच दोन-चार कारखान्यांच्या मशीनवर चालत. १९२६ साली हे मोठे कारखाने ‘एबोश एसए’ या एका छत्राखाली आले.

९/
दुरुस्तीवाल्यासाठी ही एकजूट वरदान ठरली. कशी, ते पाहा. एबोश समूहाने भागांना सामायिक क्रमांक दिले. किल्लीचा दांडा म्हणजे ४०१. बॅलन्सचा स्टाफ ७२३. मुख्य स्प्रिंग ७७०. आधी मशीनचा क्रमांक सांगायचा, मग भागाचा. ‘एफएचएफ ९६ चा ७२३’ एवढे चिठ्ठीवर लिहिले की फ्रेंच न येणाऱ्या घड्याळजीला आणि मराठी किंवा दखनी न येणाऱ्या स्विस कारकुनाला एकाच वस्तूबद्दल बोलता येई. भाषांतराची गरजच नाही. पाकिटावरच्या त्या आकड्यांना मी विसाव्या शतकातल्या सर्वांत यशस्वी लिप्यांपैकी एक मानतो.

मशीनचा क्रमांक कुठे असतो? बहुधा बॅलन्सच्या खाली, मुख्य पत्र्यावर, भिंगाशिवाय न दिसणाऱ्या अक्षरांत.

१०/
पण हीच एकजूट कुंपणही झाली. सुटे भाग परदेशी नेऊन तिथे घड्याळे जुळवली तर स्विस कामगारांचे पोट मारले जाईल, ही भीती १९२०च्या दशकात वाढली. मंदी आल्यावर तिचे कायद्यात रूपांतर झाले. १९३४ साली स्विस सरकारने फतवा काढला : कच्ची मशीने आणि सुटे भाग परवान्याशिवाय देशाबाहेर जाणार नाहीत. पुढे घड्याळे बनवण्याच्या यंत्रांवरही असेच नियंत्रण आले. ही व्यवस्था सुमारे तीन दशके घट्ट राहिली आणि मग हळूहळू सैलावत १९७०च्या दशकाच्या आरंभी संपली.

म्हणजे ज्या काळात स्वतंत्र भारत आपला उद्योग उभा करू पाहत होता, नेमक्या त्याच काळात घड्याळविद्येचे माहेरघर आपले दार किलकिले ठेवून बसले होते.

११/
भारताने दुसरे दार ठोठावले. १९५३ साली बंगळुरूला सुरू झालेली हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे एचएमटी, ही मूळची लेथ बनवणारी सरकारी कंपनी. तिने जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून १९६१ साली घड्याळांचा कारखाना काढला. सुरुवातीला भाग जपानहून येत आणि इथे जुळवले जात. हळूहळू ते इथेच बनू लागले. सुरुवातीच्या काही तबकड्यांवर एचएमटी आणि सिटिझन अशी दोन्ही नावे दिसतात.

‘जनता’, ‘पायलट’, ‘कोहिनूर’, ‘सोना’ ही नावे तुमच्या आजोबांना विचारा. काही तबकड्यांवर ‘जनता’ हे नाव देवनागरीत छापलेले असे. १७ खडे आणि धक्का सोसणारी ‘पॅरा-शॉक’ रचना. लग्नात नवरदेवाला घड्याळ, सायकल आणि रेडिओ द्यायची जी रीत मराठवाड्यातल्या गावागावांत होती, तिच्यातले घड्याळ बहुधा हेच.

१२/
सुट्या भागांच्या इतिहासात एचएमटीचे महत्त्व तिच्या प्रसिद्ध जाहिरातींहून मोठे आहे. एकाच घराण्याचे, थोड्याफार फरकाचे मशीन तिने वर्षानुवर्षे, कोट्यवधी घड्याळांत बसवले. फॅशनच्या दृष्टीने हा कंटाळवाणा प्रकार. दुरुस्तीच्या दृष्टीने सोन्याची खाण. ‘जनता’चा भाग ‘पायलट’ला चाले, अनेक भाग मूळच्या सिटिझनलाही बसत. जिल्ह्याच्या गावातल्या घड्याळजीला शंभर प्रकारचे स्टाफ साठवण्याची गरज उरली नाही. त्याच्या डबीत मूठभर भाग असले, की गावातली निम्मी घड्याळे चालू राहत.

एकसारखेपणावर आपण सरकारी कारखान्यांची चेष्टा करतो. आज साठ वर्षांनी त्यांची घड्याळे टिकटिकत आहेत, ती त्याच एकसारखेपणामुळे.

१३/
पण स्विस घड्याळे देशात होतीच. आजोबांचे वेस्ट एंड, मामांचे रोमर, आखातातून आलेल्या कोणाचे सँडोज. आयातीवर कडक निर्बंध, वर ते कलम १२३. कायदेशीर मार्गाने येणारा भाग तुटपुंजा. मग घड्याळजी काय करत?

पहिला मार्ग मुंबई. पायधुनीजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटच्या परिसरात घड्याळांचा घाऊक बाजार, आणि मटन स्ट्रीटवरच्या चोर बाजारात जुन्या, बंद घड्याळांचे ढीग. कोलकात्याला हेच काम राधाबाजार करी. औरंगाबादचा घड्याळजी चार महिन्यांची यादी घेऊन मुंबईला जाई किंवा जाणाऱ्याच्या हाती चिठ्ठी आणि नमुना देई. नमुना, म्हणजे तुटलेला भागच. कागदावर चूक होऊ शकते; तुटलेला दांडा खोटे बोलत नाही.

१४/
दुसरा मार्ग हाताचा. स्टाफ मिळत नाही ना, मग बनवा. हाताने चालवायचा वीतभर लेथ, पोलादाची तार, आणि संयम. केसाएवढे टोक घासताना श्वास रोखावा लागतो; शेवटच्या फेरीत मोडले की पुन्हा पहिल्यापासून. नकळत हा घड्याळजी वॉल्थमच्या आधीच्या काळात परत गेला होता. तो सुटा भाग ‘बसवत’ नव्हता, ‘घडवत’ होता. ही विद्या शाळेत नव्हती. ती बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे जात असे, आणि जिथे ते नाते तुटले तिथे विद्याही तुटली.

१५/
तिसरा मार्ग सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत वादग्रस्त : एका घड्याळाचे दुसऱ्याला. दोन बंद घड्याळांतून एक चालू करायचे. मशीन याचे, काटे त्याचे, केस तिसऱ्याची. दमट हवेत डागाळलेली तबकडी खरवडून पुन्हा रंगवायची, वर नाव छापायचे. गिऱ्हाईकाला वेळ दिसली पाहिजे, घड्याळ नवे दिसले पाहिजे. आतला स्टाफ कुठल्या गावचा हे त्याने विचारायचे कशाला?

परदेशातल्या संग्राहकांनी अशा घड्याळांना एक हेटाळणीचे नाव दिले आहे : ‘मुंबई स्पेशल’. खुणा ठरलेल्या. तबकडीचा रंग कारखान्याने कधी न वापरलेला, नावाचे अक्षर किंचित वाकडे, तासाच्या खुणा एका घड्याळाच्या आणि काटे भलत्याच लांबीचे. कधी स्पेलिंगही चुकलेले.

१६/
या हेटाळणीत तथ्य आहे आणि अन्यायही आहे.

तथ्य हे, की आज जुने घड्याळ ‘कारखान्यातून आले तसे’ म्हणून चढ्या भावाने विकताना रंगवलेली तबकडी लपवणे ही सरळ फसवणूक आहे. तिचे समर्थन करू नये.

अन्याय कसा, ते आपल्या इतिहासलेखनाच्या भाषेत सांगतो. जुन्या दप्तरात कागद हाती आला की अभ्यासक विचारतो : हा अस्सल, की तालीक, की बनावट? तालीक म्हणजे अस्सलाची नक्कल. ती बनावट नसते. ती का, केव्हा, कोणी केली हे कळले तर तीही पुरावा होते. चार घड्याळांतून जुळवलेले घड्याळ कारखान्याचा अस्सल कागद नाही, हे खरे. पण १९७० साली बाजारात काय मिळत होते, काय मिळत नव्हते आणि माणसे त्यातून कशी वाट काढत होती, याचा तो अत्यंत अस्सल कागद आहे. कलम १२३ चा परिणाम पाहायचा असेल, तर तो या तबकडीखाली पाहावा.

१७/
मग क्वार्ट्झ आले. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेइकोने टोकियोत ‘ॲस्ट्रॉन’ हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले आणि पुढच्या पंधरा वर्षांत स्विस घड्याळउद्योगातल्या सुमारे ९० हजार नोकऱ्यांपैकी दोन तृतीयांश गेल्या. एफएचएफ, शिल्ड हे कारखाने विलीन होत होत इतिहासजमा झाले. त्यांच्याबरोबर त्या क्रमांकांच्या पाकिटांची निर्मितीही थांबली.

आपल्याकडे १९८४ साली टायटन स्थापन झाली आणि तिने क्वार्ट्झवर भर दिला. सेलचे घड्याळ बंद पडले की सेल बदलायचा, फार तर अख्खे मशीन बदलायचे. स्टाफ, स्प्रिंग, खडा यांचा हिशेबच संपला. ६ जानेवारी २०१६ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली.

१८/
आणि इथे गोष्टीला विचित्र वळण मिळाले. कारखाना बंद होताच एचएमटीची ओढ वाढली. गल्ल्यात पडून राहिलेली ‘जनता’ संग्राहक शोधू लागले. मागणी वाढली, भाग मात्र तेवढेच राहिले, कारण नवे कोणी बनवत नव्हते. म्हणून आजची रीत अशी, की दोन-तीन घड्याळे घ्यायची आणि मोडून एक उत्तम करायचे. प्रत्येक देखण्या दुरुस्तीमागे एक-दोन घड्याळे कायमची संपतात.

पूर्वीही हेच होत होते, मग आता आक्षेप कशाला, असे कोणी विचारेल. फरक आहे. पूर्वी बंद घड्याळ मोडून चालू घड्याळ तयार होई. आता पुष्कळदा चालू पण साधे घड्याळ मोडून दुर्मीळ तबकडीच्या घड्याळात घातले जाते. गरजेची जागा बाजारभावाने घेतली आहे.

१९/
परदेशी मशीनची वाट तर आणखी अरुंद झाली. स्वॅच समूहाने, ज्याच्या पोटात त्या जुन्या स्विस कारखान्यांचा वारसा विसावला आहे, २०१५ च्या अखेरीस स्वतंत्र घाऊक विक्रेत्यांना सुटे भाग देणे थांबवले. १९३४ चा फतवा सरकारचा होता, हा निर्णय कंपनीचा. दुरुस्तीच्या टेबलावर दोन्हींचा अर्थ एकच.

तेव्हा आज संभाजीनगरात कोणी आजोबांचे वेस्ट एंड घेऊन बाजारात गेले, तर भाग येण्याच्या वाटा मोजक्या. जुन्या दुकानदाराच्या मागच्या कपाटातला न विकलेला साठा. मुंबईचा चोर बाजार. ऑनलाइन विक्रेता. मोडायला घेतलेले दुसरे घड्याळ. आणि, नशीब असेल तर, लेथवर हात बसलेला एखादा वयस्क घड्याळजी.

२०/
शहागंजातला निजामकालीन घड्याळाचा मनोरा काही वर्षांपूर्वी दुरुस्त करण्यात आला. त्याचे समाधान वाटते. चुना, वीट, दगड आजही मिळतात आणि ते काम जाणणारे हातही सापडतात. त्याच्या सावलीत कधी काळी दुरुस्त झालेल्या मनगटी घड्याळांचे तसे नाही. वास्तूला वारसा म्हणून यादीत जागा मिळते. घड्याळजीच्या मृत्यूनंतर त्याची डब्यांची उतरंड मात्र भंगारात वजनावर जाते, कारण कोणत्या डबीत कोणत्या मशीनचा भाग आहे हे फक्त त्यालाच ठाऊक असते. त्या डब्यांवर चिठ्ठ्या नसतात. सूची त्याच्या डोक्यात असते.

तरुण अभ्यासकांना करण्याजोगे एक काम इथे आहे, आणि त्याला पुरालेखागाराची परवानगी लागत नाही. आपल्या गावातल्या जुन्या घड्याळजींशी बोला. भाग कुठून येत, कोण आणून देई, कोणत्या साली काय मिळेनासे झाले, हे त्यांच्या शब्दांत नोंदवा. त्यांची तयारी असेल तर डब्यांवर चिठ्ठ्या लावायला मदत करा.

२१/
घरात जुने किल्लीचे घड्याळ असेल त्यांच्यासाठी चार व्यावहारिक गोष्टी.

वर्षानुवर्षे पडून असलेल्या घड्याळाला उत्साहाने किल्ली देऊ नका. आतले तेल सुकून चिकट झालेले असते. कोरड्या टोकांवर चाके घासतात. आधी साफसफाई, मग किल्ली.

अंधारात चमकणाऱ्या ‘रेडियमच्या’ जुन्या तबकड्या स्वतः उघडू किंवा खरवडू नका. चमक गेलेली असली तरी रेडियम गेलेले नसते; ते निम्मे व्हायलाच सुमारे १६०० वर्षे लागतात. त्याची धूळ श्वासावाटे जाणे घातक आहे.

तबकडी रंगवून घ्यायचा मोह आवरा. डागाळलेली मूळ तबकडी हा पुरावा आहे. एकदा खरवडली की परत येत नाही.

भाग बदलावाच लागला, तर जुना तुटलेला भाग मागून घ्या, पुडीत घालून घड्याळासोबत ठेवा आणि पुडीवर तारीख लिहा. उद्या कोणाला नवा भाग घडवायचा झाला, तर माप याच तुकड्यावरून मिळेल.

२२/
आणि मागचे झाकण उघडेल तेव्हा आतल्या बाजूचे छायाचित्र जरूर घ्या. घड्याळजी दुरुस्तीनंतर झाकणाच्या आत सुईच्या टोकाने काहीतरी कोरून ठेवतात : एखादा आकडा, तारीख, कधी अक्षर, कधी फक्त त्यांनाच कळणारी खूण. घड्याळ परत आले तर आपण पूर्वी काय केले होते ते कळावे, एवढाच त्यामागचा हेतू. एकाच झाकणात दोन-तीन वेगळ्या हातांच्या खुणा सापडतात. बाहेरून ते घासून चकचकीत करणारे पुष्कळ आहेत. आतून घासू देऊ नका.

अशी खूण तुमच्या घरच्या घड्याळात मिळाली, तर या धाग्याखाली छायाचित्र टाका. सोबत मशीनवरचा क्रमांक आणि घड्याळ कोणत्या गावी दुरुस्त होत असे, तेही लिहा.